डिस्क खरी, पण पीसीवर लागेना
वाचकांचे प्रश्न : ब्लू-रे आणि घरचा संगणक

या वेळच्या पत्रांत ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कबद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: डिस्क दुकानातून पैसे देऊन घेतलेली, ड्राइव्ह नीट चालणारा, तरी चित्रपट लागत नाही. म्हणून या अंकात फक्त याच विषयाचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक): माझ्या डेस्कटॉपमध्ये सात-आठ वर्षांपूर्वीचा ब्लू-रे ड्राइव्ह आहे. चित्रपट पाहण्याचं सॉफ्टवेअर त्याच्या खोक्यातच मिळालं होतं. गेल्या महिन्यात नवी डिस्क आणली, ती लावल्यावर 'सॉफ्टवेअर अपडेट करा' असा संदेश आला. अपडेट शोधलं, तर मिळत नाही. आणि आता कहर म्हणजे इतकी वर्षं सुरळीत चालणाऱ्या जुन्या डिस्कही लागेनाशा झाल्या! नव्या डिस्कने ड्राइव्ह बिघडवला का?

उत्तर: ड्राइव्ह बिघडलेला नाही, पण नव्या डिस्कमुळे त्याच्या आत बदल झाला, हा तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे.

फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्क उघडून पाहा. बीडीएमव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात चित्रपट असतो. शेजारी एएसीएस नावाचा दुसरा फोल्डर असतो, नक्कल रोखणारं कुलूप तिथे आहे आणि त्या कुलपाचं नावही एएसीएसच. चित्रपटाच्या फाइलचे ६,१४४ बाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकडा १२८ बिटच्या किल्लीने बंद केलेला असतो. तुकड्याचे पहिले १६ बाइट तेवढे उघडे असतात. त्यामुळे ती फाइल हार्ड डिस्कवर नुसती कॉपी करून काही उपयोग होत नाही.

आता किल्ली कुणाकडे? परवाना घेतलेल्या प्रत्येक प्लेअर सॉफ्टवेअरला स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा मिळतो. एएसीएस फोल्डरमध्ये एमकेबी नावाचा एक तक्ता असतो. सॉफ्टवेअर आपल्या किल्ल्या त्या तक्त्यावर चालवतं आणि डिस्कच्या मुख्य किल्लीपर्यंत पोहोचतं. एखाद्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या फुटल्या किंवा त्यांची मुदत संपली, की पुढे छापल्या जाणाऱ्या डिस्कच्या तक्त्यातून त्या वगळतात. म्हणून जुनी डिस्क लागते आणि नवी लागत नाही. हा झाला तुमच्या त्रासाचा पहिला भाग.

दुसरा भाग जास्त त्रासदायक आहे. सॉफ्टवेअर आणि ड्राइव्ह आधी एकमेकांची ओळख पटवतात. सॉफ्टवेअर आपलं प्रमाणपत्र दाखवतं आणि ड्राइव्ह ते रद्द झालेल्या प्रमाणपत्रांच्या यादीशी ताडून बघतो. ही यादी डिस्कवरच येते. नवी डिस्क आत गेली, तिच्यावरची यादी जास्त ताजी निघाली, की ड्राइव्ह ती आपल्या कायमच्या मेमरीत उतरवून घेतो. डिस्क बाहेर काढली तरी यादी आतच राहते. तुमच्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र त्या यादीत असेल, तर ड्राइव्ह त्या क्षणापासून त्याला दाद देत नाही, मग आत दहा वर्षांपूर्वीची डिस्क का असेना. विंडोज नव्याने टाकूनही फरक पडत नाही, कारण यादी विंडोजमध्ये नसून ड्राइव्हमध्ये आहे.

खात्री करण्यासाठी घरी बर्न केलेली, कुलूप नसलेली बीडी-आर (कोरी मिळणारी ब्लू-रे डिस्क) लावून पाहा. ती चालली तर लेसर शाबूत आहे. डीव्हीडी लावून ही परीक्षा करू नका. डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या लेसरवर वाचली जाते आणि ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या निळसर जांभळ्या लेसरवर, त्यामुळे एक चालू आणि दुसरा गेलेला असं होऊ शकतं. बीडी-आर जवळ नसेल, तर विकतच्या डिस्कवरचा बीडीएमव्ही फोल्डर उघडतो का आणि आतल्या फाइलचे आकार दिसतात का, ते पाहा. तेवढं दिसलं तरी निळा लेसर डिस्क वाचतो आहे असं समजा.

उपाय एकच, चालू आवृत्तीचं परवानाधारक सॉफ्टवेअर. खोक्यात मिळालेली आवृत्ती कापलेली असते आणि तिचे अपडेट काही वर्षांत थांबतात. सॉफ्टवेअर विकत घेताना एक काळजी घ्या. पॉवरडीव्हीडीसारख्या सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या असतात आणि स्वस्त आवृत्तीत ब्लू-रे चित्रपट चालत नाहीत. 'ब्लू-रे मूव्ही' हे शब्द त्या आवृत्तीच्या रकान्यात आहेत का, ते वाचूनच पैसे भरा. ते टाकल्यावर पहिल्या वेळी इंटरनेट चालू ठेवा, नव्या किल्ल्या तिथूनच उतरतात.

आमचं मत विचाराल, तर ही पद्धत प्रामाणिक गिऱ्हाइकावर अन्याय करणारी आहे. डिस्कची किंमत एकदा पूर्ण वसूल केली, तर ती चालवण्यासाठी दर काही वर्षांनी पुन्हा पैसे मागू नयेत. पण आज वस्तुस्थिती अशी आहे, आणि ड्राइव्ह घेताना सॉफ्टवेअरचा पुढचा खर्च धरूनच हिशेब करावा लागतो.

प्रश्न (डोंबिवली): ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयमधून कन्व्हर्टर लावून जुना व्हीजीए मॉनिटर जोडला आहे. यूट्यूब, डीव्हीडी सगळं दिसतं. ब्लू-रे लावली की पडदा काळा. मॉनिटर १०८०पी आहे.

उत्तर: रिझोल्यूशनचा इथे संबंध नाही. ब्लू-रेचं चित्र संगणकातून बाहेर पडतानाही कुलूपबंद जातं. त्या कुलपाचं नाव एचडीसीपी. ग्राफिक्स कार्ड समोरच्या मॉनिटरला विचारतं, 'तुला एचडीसीपी कळतं का?' व्हीजीए ही जुनी अॅनालॉग जोडणी, तिच्यात हा सवाल-जवाब होऊच शकत नाही आणि कन्व्हर्टर मधे असल्याने कार्डाला खात्री पटत नाही. सुरुवातीच्या काळात अॅनालॉग जोडणीला थोडी सवलत होती. मग नव्या प्लेअरसाठी ३१ डिसेंबर २०१० नंतर अॅनालॉग चित्र साध्या डीव्हीडीच्या दर्जापुरतं उरलं आणि ३१ डिसेंबर २०१३ नंतर तेही बंद झालं. तेव्हा व्हीजीए विसरा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असलेला कुठलाही अलीकडचा मॉनिटर किंवा टीव्ही चालेल. जुना डीव्हीआय मॉनिटर कुणी देऊ केला, तर आधी त्याच्या माहितीपत्रकात एचडीसीपी लिहिलंय का बघा. सुरुवातीच्या अनेक डीव्हीआय मॉनिटरांत ते नव्हतं.

तपासायची सोपी रीत अशी: एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'व्ह्यू एचडीसीपी स्टेटस' असं पान आहे, तिथे प्रत्येक मॉनिटरचं वेगळं कळतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना नडते. दोन पडदे जोडून 'डुप्लिकेट' मोड ठेवला असेल आणि त्यातला एक जरी एचडीसीपी नसलेला असेल, तर दोन्हीकडे चित्र अडतं. चित्रपटाच्या वेळी 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करा. रिमोट डेस्कटॉप आणि स्क्रीन रेकॉर्डर बंद ठेवा. टीव्हीच्या मधे अॅम्प्लिफायर किंवा स्प्लिटर असेल, तर सगळं बंद करून संगणक थेट टीव्हीला जोडा, चित्र येतंय का बघा, मग एकेक यंत्र परत मधे घाला. जे घातल्यावर चित्र नाहीसं होईल, तेच दोषी. साध्या ब्लू-रेला एचडीसीपी १.४ पुरतं.

प्रश्न (कोल्हापूर): ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्क पीसीवर पाहायच्या आहेत. माझ्याकडे नवा १३व्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि दमदार ग्राफिक्स कार्ड आहे. कोणता ड्राइव्ह घेऊ?

उत्तर: ड्राइव्ह घेऊ नका. तुमच्या संगणकावर या डिस्क अधिकृत मार्गाने चालणार नाहीत, आणि त्याचं कारण तुमचा प्रोसेसर नवा आहे हेच आहे.

अल्ट्रा एचडी डिस्कचं कुलूप एएसीएस २ आहे. त्याच्या किल्ल्या विंडोजच्या नजरेलाही पडू नयेत, अशी अट होती. त्यासाठी इंटेलच्या एसजीएक्स या सोयीचा आधार घेतला. प्रोसेसर मेमरीचा एक कोपरा बंदिस्त करतो आणि किल्ल्यांचं काम तिथेच चालतं. ७व्या पिढीपासून १०व्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरवर हे जमत होतं. मग या बंदिस्त कोपऱ्यातही शिरता येतं, हे संशोधकांनी एकामागून एक दाखवून दिलं आणि ११व्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्स काढूनच टाकलं. एएमडीच्या प्रोसेसरवर तर ही सोय कधीच नव्हती. आज दुकानात मिळणारा कुठलाही नवा घरगुती संगणक या कामाचा नाही.

जुना ७ ते १०व्या पिढीचा संगणक घरात असेल तरी हुरळून जाऊ नका. सगळं जुळावं लागतं:

— मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग) एसजीएक्स असायला हवं आणि ते 'एनेबल्ड' करून त्याला १२८ एमबी मेमरी द्यावी लागते. पुष्कळ बोर्डांत हा पर्यायच नाही.

— टीव्हीची केबल ग्राफिक्स कार्डात नव्हे, मदरबोर्डावरच्या पोर्टमध्ये लावायची. चित्र इंटेलच्या स्वतःच्या ग्राफिक्समधूनच बाहेर पडावं लागतं. महागडं कार्ड इथे निरुपयोगी ठरतं.

— तो पोर्ट एचडीएमआय २.० आणि एचडीसीपी २.२ चा हवा. इथे सर्वात जास्त लोक फसतात. त्या काळच्या इंटेल ग्राफिक्सचा मूळ एचडीएमआय १.४ होता. २.० देण्यासाठी बोर्ड बनवणाऱ्याला वेगळी चिप बसवावी लागे आणि स्वस्त बोर्डांवर ती नसे. ४के पडदा फक्त ३० हर्ट्झवर चालत असेल, तर तुमच्या बोर्डावर ती चिप नाही असं धरा.

— टीव्ही आणि मधला अॅम्प्लिफायर दोन्ही एचडीसीपी २.२ चे हवेत. टीव्हीचे सगळे पोर्ट सारखे नसतात, कडेला लिहिलेलं वाचा.

— ड्राइव्हवर 'अल्ट्रा एचडी ब्लू-रे' असं चिन्ह हवं. या डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीच्या असतात, १०० जीबीच्या डिस्कला तीन थर असतात. साध्या ब्लू-रे ड्राइव्हला त्या वाचता येतील असं गृहीत धरू नका.

— विंडोज १० वर सगळं चालू असेल, तर ते तसंच राहू द्या. विंडोज ११ किंवा नवे इंटेल ड्रायव्हर टाकल्यावर एसजीएक्सची सोय जाऊ शकते.

एवढ्या खटपटीपेक्षा टीव्हीला जोडायचा वेगळा अल्ट्रा एचडी प्लेअर घ्या. गेमिंगची आवड असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स या डिस्क चालवतात. उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणाऱ्या पद्धतींपैकी पीएस५ डॉल्बी व्हिजन दाखवत नाही, एचडीआर१० दाखवतो. पीएस४ प्रोच्या नावाला भुलू नका, त्याच्या ड्राइव्हला ४के डिस्क वाचता येत नाही.

प्रश्न (नागपूर): ताई न्यू जर्सीला असते. ती येताना ब्लू-रे डिस्क घेऊन येणार आहे. माझ्या लॅपटॉपवर लागतील का?

उत्तर: ताईला डिस्कचं मागचं कव्हर बघायला सांगा. छोट्या चिन्हात ए, बी किंवा सी अक्षर असतं, तो डिस्कचा रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागासाठी आहे ते. अमेरिका ए मध्ये, भारत सी मध्ये. लंडन, दुबई किंवा ऑस्ट्रेलियाहून आणलेली असेल तर बी. तिन्ही अक्षरं छापलेली असतील तर काळजीचं कारण नाही आणि अशा डिस्क भरपूर असतात. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजन नसतोच.

फक्त ए असेल, तर पीसीवर थोडी मोकळीक आहे. ब्लू-रेचा रीजन सॉफ्टवेअर सांभाळतं, ड्राइव्ह नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो बदलता येतो, पण साधारण पाचदाच. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायम राहतो. म्हणून एक हिंदुस्तानी आणि एक अमेरिकी अशी आलटूनपालटून लावत बसू नका. ताईच्या सगळ्या डिस्क एका ओळीने पाहून घ्या आणि मगच सी वर या. अमेरिकी डीव्हीडीचा हिशेब वेगळा आहे. तिचा रीजन १, आपला ५, तो ड्राइव्हच्या आत कोरला जातो आणि त्यालाही पाचच संधी.

प्रश्न (सांगली, फोटो स्टुडिओ): काही गिऱ्हाइकं लग्नाचं शूटिंग अजूनही ब्लू-रेवर मागतात. २५ जीबीची कोरी डिस्क संगणकात २३.३ जीबीच दाखवते. शिवाय काही जणांच्या प्लेअरवर आमची डिस्क लागत नाही, काहींच्या इथे चित्र अडखळतं. कॉपी प्रोटेक्शनचा प्रश्न आहे का?

उत्तर: नाही. तुम्ही बर्न केलेल्या बीडी-आरवर एएसीएस नसतं, ते छापील चित्रपटांसाठी आहे. म्हणूनच ती व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवरही चालते.

२३.३ मध्ये काही चोरीला गेलेलं नाही. डिस्कवर २५,०२,५३,१४,८१६ बाइट बसतात. कारखाना १,००० च्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या. तुम्ही विंडोजच्या हिशेबाने २२ जीबीच्या पुढे जाऊ नका. कडेचा भाग बोटांच्या ठशांनी आणि वाकल्याने आधी खराब होतो. चित्राला २५ एमबीपीएस दिलं, तर एका डिस्कवर आवाजासकट दोन तास आरामात बसतात.

न लागण्याचं खरं कारण बहुधा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हे आहे. पुढच्या आकड्यांत 'पी' म्हणजे दर वेळी पूर्ण चित्र आणि 'आय' म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र. तुमचा कॅमेरा १०८०पी ५० किंवा २५ वर शूट करत असेल. ब्लू-रेच्या मूळ नियमांत १०८० साठी २४पी, ५०आय आणि ६०आय एवढंच बसतं. १०८०पी ५० किंवा १०८०पी २५ तिथे नाही. संगणक सगळं पचवतो, म्हणून तुमच्याकडे डिस्क चालते आणि गिऱ्हाइकाच्या प्लेअरला ती ओळखू येत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून बाहेर काढताना १०८०आय ५०, अप्पर फील्ड फर्स्ट ठेवा. २५पी चं शूटिंग ५०आय च्या साच्यात जसंच्या तसं बसतं, दर्जा जात नाही. ५०पी ची हालचाल तशीच गुळगुळीत हवी असेल तर ७२०पी ५० निवडा, ते नियमात आहे.

नुसती एमपी४ फाइल डिस्कवर टाकू नका. ऑथरिंग करून, म्हणजे प्लेअरला कळेल अशा रचनेत फाइल मांडून, बीडीएमव्ही फोल्डर बनवा आणि यूडीएफ २.५० या डिस्कच्या फाइल-पद्धतीत बर्न करा. डिस्कच्या पाकिटावर ६एक्स असलं तरी ४एक्सच्या वेगाने बर्न करा. सुमारे २३ मिनिटं लागतील, वर व्हेरिफायचा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासण्याचा, वेळ वेगळा. व्हेरिफाय कधीही टाळू नका. अडखळणाऱ्या डिस्कपैकी बऱ्याचशा तिथेच पकडल्या जातात. पाकिटावर 'एलटीएच' असेल तर घेऊ नका. तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि काही जुने प्लेअर तो नीट वाचत नाहीत. सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा चांगल्या कंपनीचा माल मिळेल तेव्हा जास्तीचा घेऊन ठेवा. आणि लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): एम.२ एसएसडी बसवल्यापासून ब्लू-रे ड्राइव्ह बायोसमध्येही दिसत नाही. ट्रे मात्र उघडतो.

उत्तर: ट्रे उघडतो म्हणजे वीज पोहोचते आहे. अनेक मदरबोर्डांत एम.२ ची (एसएसडी बसवायची) खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट, म्हणजे ड्राइव्हची केबल जिथे लागते त्या जागा, आपोआप बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत 'शेअर्ड' पोर्टचा तक्ता असतो. साटा केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, एवढ्यानेच काम होईल.

प्रश्न (ठाणे): मित्राने दिलेल्या डिस्कवर सिनेमा चांगला वीसेक मिनिटं चालतो, मग आवाज जातो आणि 'मेसेज कोड ३' येतो. साउंड कार्ड बदलू का?

उत्तर: नको. हे सिनाव्हिया आहे. मूळ ध्वनिपट्टीतच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते आणि परवानाधारक प्लेअर ती ऐकतो. खूण सांगते 'मी छापील डिस्कवरची आहे' आणि डिस्कवर एएसीएस तर नाही, म्हणजे ही नक्कल, असं ठरवून प्लेअर आवाज बंद करतो. खूण ओळखायला थोडा वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. तुमच्या यंत्रात दोष नाही. खरी डिस्क आणली की आवाज येईल.

प्रश्न (पुणे): विकत घेतलेल्या डिस्कचं कुलूप काढून हार्ड डिस्कवर प्रत ठेवली तर गुन्हा होतो का? कसं करायचं तेही सांगा.

उत्तर: पद्धत आम्ही छापणार नाही. कायद्याचं सांगतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. 'भंग करण्याच्या हेतूने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. खाजगी वापराला कायद्यात दुसरीकडे जागा आहे, पण तुमच्या बाबतीत ती लागू होते का, हे वकिलालाच विचारा. प्रत दुसऱ्याला देणं, विकणं किंवा इंटरनेटवर चढवणं मात्र सरळ गुन्हा.

प्रश्न (रत्नागिरी): यूएसबीवरचा पातळ ब्लू-रे ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो. ब्लू-रे घातली की टक्-टक् आवाज करतो आणि विंडोजमधून गायब होतो.

उत्तर: वीज कमी पडते आहे. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. ब्लू-रे फिरायला लागताना ड्राइव्ह याहून जास्त ओढू शकतो. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल, तर दोन्ही तोंडं लावा. डेस्कटॉप असेल तर समोरचे पोर्ट सोडून मागचे वापरा. तरी नाही जमलं, तर स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या. लांब एक्स्टेन्शन केबल अजिबात लावू नका.

एवढं करून तोच आवाज आला, तर डिस्क उलटी धरून उजेडात पाहा. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीची ०.६. त्यामुळे तेलकट बोटाचा ठसा इथे जास्त नडतो. मऊ, धुतलेल्या सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत बंद पडून राहिलेला ड्राइव्ह आधी तासभर कोरड्या खोलीत ठेवा, मग जोडा.